मेकअपचा आरसा घरात बसवताना: क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

लग्नघरी नवरीची तयारी करायला गेले की पहिली दहा मिनिटं मी फर्निचर हलवते. आरसा असतोच, बऱ्याचदा महागाचाही असतो. पण तो खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टांगलेला, वर छताला एकच दिवा, आणि बसायला पलंगाची कड. नवरीला तिथे बसवलं की डोळ्यांखाली सावली पडते. ती सावली म्हणजे काळी वर्तुळं, अशी सगळ्यांची समजूत झालेली असते आणि मी पोचण्याआधीच कोणीतरी कन्सीलरचे दोन थर लावून ठेवलेले असतात.

घोळ खरेदीच्या क्रमात होतो. आधी आरसा घेतात, मग मोकळी भिंत शोधतात, आणि उजेडाचा विचार सुताराला पैसे देऊन झाल्यावर. उलट जा. आधी स्वतःचे डोळे, मग उजेड, मग जागा आणि माप, आणि काच सगळ्यात शेवटी.

हाताशी एवढं ठेवा: मोजपट्टी, पेन्सिल, जुनी वर्तमानपत्रं, मास्किंग टेप, कोरा पांढरा कागद, आणि मापं धरायला घरातलं कोणीतरी एक.

## टप्पा १: आधी डोळ्यांचा नंबर बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, म्हणून इथे जरा थांबते.

साध्या सपाट आरशात तुम्ही काचेच्या जितके पुढे, तितकंच प्रतिबिंब काचेच्या मागे असतं. म्हणजे काचेपासून सहा इंचांवर तोंड नेलंत, तरी डोळ्याला बारा इंचांवरचं बघावं लागतं. अंतर नेहमी दुप्पट धरायचं.

चाळिशी लागली असेल किंवा प्लसचा नंबर असेल तर: चष्मा काढल्यावर बारा इंचांवरचं धूसर दिसतं. मागे सरकलं तर स्पष्ट होतं, पण पापणीची कड बारीक होऊन जाते. अशा डोळ्यांना मोठं दाखवणारा, म्हणजे अंतर्गोल आरसा खरा उपयोगी. त्यात प्रतिबिंब मोठं होतंच, शिवाय काचेच्या मागे बरंच लांब पडतं, आणि लांबचं तर तुम्हाला नीट दिसतं.

मायनसचा नंबर असेल तर: इथे हमखास चुकतं. मायनस ३ नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंतच, म्हणजे तेरा इंचांपर्यंतच स्पष्ट दिसतं. आता ३० सेंटिमीटर नाभीय अंतराचा (म्हणजे ऊन जितक्या अंतरावर एका बिंदूत गोळा करतो त्या अंतराचा) अंतर्गोल आरसा घेतला आणि तोंड त्याच्यापासून २४ सेंटिमीटरवर ठेवलं, तर प्रतिबिंब काचेच्या १२० सेंटिमीटर मागे पडतं. डोळ्यापासून मोजलं तर १४४ सेंटिमीटर, जवळजवळ पाच फूट. मायनस ३ वाल्या बाईला ते मोठं, पण पुसट दिसणार. मग ती म्हणते, आरसा खराब निघाला, आणि आणखी मोठं दाखवणारा मागवते. तो आणखी पुसट.

तिने साधा छोटा सपाट आरसा हातात घेऊन डोळ्यांपासून सहा इंचांवर धरावा. स्वच्छ दिसतं आणि पैसेही वाचतात.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स आधी, मेकअप नंतर. मग मायनसचा प्रश्न उरत नाही.

तपासा: चष्मा काढा, वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू लांब न्या. कुठपासून कुठपर्यंत अक्षरं स्पष्ट आहेत ते मोजून लिहून ठेवा. सपाट आरसा त्याच्या निम्म्या अंतरावर ठेवायचा.

## टप्पा २: उजेड ठरवा

दिवा आरशावर पडायला नको, तोंडावर पडायला हवा. आरसा फक्त परत पाठवण्याचं काम करतो. तोंडावर जे उजळलं नाही ते आरशातही दिसणार नाही.

### दिवसाचा उजेड

तोंड खिडकीकडे हवं. खिडकीखाली टेबल आणि टेबलावर उभा आरसा ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चांगली मांडणी. दोन खिडक्यांच्या मधली भिंत मिळाली तर नशीब. खिडकी पाठीमागे येईल अशी मांडणी मात्र कधीच नको: आरशात मागची खिडकी झगझगीत आणि चेहरा काळवंडलेला दिसतो.

खिडकी एका बाजूला असेल तर त्या बाजूचा गाल उजळ आणि दुसरा अंधारा राहतो. अशा वेळी अंधाऱ्या गालावर ब्लश जास्त लागतो, आणि बाहेर गेल्यावर एका गालावर चापट मारल्यासारखं दिसतं. उपाय फुकटचा आहे. अंधाऱ्या बाजूला हातभर अंतरावर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरी चादर टाकलेली खुर्ची उभी करा. फरक लगेच कळतो.

थेट ऊन तोंडावर येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. रंगीत पडदा नको. शेजारची भिंत पोपटी किंवा गडद गुलाबी असेल तर तिचा रंगही गालावर उतरतो, हे फाउंडेशनची छटा निवडताना लक्षात ठेवा.

### रात्रीचा उजेड

नाटकाच्या रंगपटात आरशाच्या भोवती दिव्यांची माळ असते. हौसेखातर नसते ती. चारही बाजूंनी उजेड आला की नाकाखाली, हनुवटीखाली सावली पडत नाही. घरी माळेची गरज नाही, दोन दिवे पुरतात, पण ते असे:

१. आरशाच्या डावी-उजवीकडे एकेक. दोघांमधलं अंतर २८ ते ३२ इंच.

२. दिव्याचा मध्य डोळ्यांच्या उंचीवर. वर नाही. वरचा दिवा भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पाडतो.

३. दुधी आवरणाचे. उघडे टिपके दिसणारे एलईडी डोळ्यांना टोचतात आणि सावल्याही कडक पाडतात. दोन फुटी छोट्या बॅटन (एलईडीच्या नळ्या) उभ्या लावल्या तर उत्तम.

४. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. एक फुटला तर जोडी बदला.

खोक्यावर दोन आकडे बघायचे. पहिला केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या छटेचा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा उजेड. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्याकडे दुकानदार न विचारता हाच देतो, कारण त्याला जास्त खप आहे. मेकअपसाठी ४००० ते ५००० मागा. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, १०० पैकी. साधे बल्ब ८० च्या आसपास असतात. ९० किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण कमी सीआरआयच्या दिव्यांत लाल रंग सगळ्यात आधी मरतो. लिपस्टिक फिकी वाटते, म्हणून आपण दुसरा हात देतो आणि बाहेर गेल्यावर ओठ भडक दिसतात.

प्रत्येकी ९-१० वॅटचे दोन एलईडी एका माणसाला पुरतात.

मेकअपच्या वेळी खोलीतला बाकीचा उजेड बंद. छताचा निळसर आणि बाजूचा पिवळसर एकत्र आला की कपाळाचा रंग एक आणि गालाचा दुसरा दिसतो.

सावधान: ज्या आरशाच्या मागून पट्टी उजळते, भिंतीवर छान प्रभा पडते, तो फोटोत सुंदर दिसतो आणि मेकअपला निरुपयोगी असतो. त्याचा उजेड भिंतीवर जातो. पट्टी पुढच्या बाजूला, काचेतून तुमच्याकडे बघणारी हवी.

तपासा: कुंकवाची डबी आणि एखादा लाल-गुलाबी ब्लाउजपीस दिवसा खिडकीशी नीट बघून ठेवा. रात्री नव्या दिव्याखाली तेच बघा. कुंकू तपकिरीकडे झुकलं तर दिवा परत करा. मग मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो आहे, तासभर त्याच्यासमोर बसलात तर डोकं धरेल.

## टप्पा ३: जागा आणि माप

बसून करणार की उभ्याने, हे एकदाच ठरवा. काजळ-आयलायनर असेल तर बसूनच. कोपर टेबलावर टेकला की हात हलत नाही. ज्या खुर्चीवर बसणार त्याच खुर्चीवर बसून जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजा. चेहऱ्याच्या आरशाचा मध्य त्या रेषेवर किंवा इंचभर खाली.

साडीसाठी पूर्ण उंचीचा आरसा हवा असेल तर हिशोब वेगळा. पायापासून डोक्यापर्यंत दिसायला आरसा तुमच्या उंचीच्या निम्मा पुरतो. पण तो योग्य उंचीवर लागला तरच. खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर, आणि वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मधोमध.

उदाहरण. उंची ५ फूट २ इंच, म्हणजे ६२ इंच. डोळे साधारण साडेसत्तावन्न इंचांवर. खालची कड पावणेएकोणतीस इंचांवर, वरची पावणेसाठ इंचांवर. आरसा ३१ इंचांचा.

घरात दोघं असतील तर वरची कड उंच माणसाप्रमाणे आणि खालची बुटक्या माणसाप्रमाणे. ५ फूट ८ इंच आणि ४ फूट ११ इंच अशी जोडी असेल तर साधारण २७ इंचांपासून ६६ इंचांपर्यंत आरसा हवा. ४२ इंची घ्या, म्हणजे अंबाडा किंवा फेटाही मावेल.

निऱ्या दिसत नाहीत म्हणून लोक मागे मागे सरकत जातात. सरळ उभ्या सपाट आरशात मागे सरकून पाय दिसायला लागत नाहीत. जेवढं जवळून दिसतं तेवढंच लांबूनही. पाय दिसत नसतील तर आरसा खाली घ्यावा लागतो, दुसरा इलाज नाही. (थोडा तिरका टेकवला तर दिसतात, पण मग आपण आहोत त्यापेक्षा वेगळ्याच अंगाचे दिसतो.)

लोखंडी कपाटाच्या दाराचा आरसा मुख्य आरसा म्हणून धरू नका. दार अर्धं उघडं राहिलं की कोन बदलतो, आणि जुन्या पातळ काचेत लाटा असतात.

तपासा: ठरलेल्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. दार आपटतं का, पंख्याची सावली पडते का, कोणाचं डोकं वर राहतं का, सगळं समजतं.

## टप्पा ४: मोठं दाखवणारा आरसा निवडताना

खोक्यावर पाचपट, दहापट असं लिहिलेलं असतं. किती अंतरावरून पाचपट, हे बहुधा लिहिलेलं नसतं. अंतर्गोल आरशात मोठेपणा अंतरावर ठरतो, म्हणून स्वतः मोजा.

१. आरसा टेबलावर ठेवा, तोंड जवळ न्या. चेहरा सरळ आणि थोडा मोठा दिसेल.

२. हळूहळू मागे सरका. चेहरा मोठा होत जाईल, मग एका जागेपासून सगळं पसरून पुसट व्हायला लागेल. ते अंतर मोजा. हेच साधारण त्याचं नाभीय अंतर.

३. आणखी मागे, हातभर पलीकडे गेलात की चेहरा उलटा दिसेल. तिथपर्यंत जायचं नाही.

कामाची जागा नाभीय अंतराच्या आत असते. निम्म्या अंतरावर प्रतिबिंब दुप्पट, दोन तृतीयांशावर तिप्पट, चार पंचमांशावर पाचपट. आरशाचं हे अंतर चार-पाच इंचच निघालं तर ब्रश फिरवायला जागाच राहत नाही. तो परत ठेवा.

आता निराशा करणारी गोष्ट. प्रतिबिंब पाचपट असलं तरी ते तितकंच मागे पडतं, म्हणून डोळ्याला पाचपट वाटत नाही. त्याच अंतरावरच्या साध्या आरशाशी तुलना केली तर दुपटीच्या आतच. दहापटवाल्याचंही तेच. फायदा होतो तो डोळ्यांना ताण न देता जवळ जाता येण्याचा, आणि म्हणूनच तो चाळिशीवाल्यांचा आरसा.

रोजच्या वापराला तिप्पट, डोळ्यांच्या बारीक कामाला पाचपट. दहापट फक्त हनुवटीवरचा एखादा केस उपटायला. माझ्या एका मावशीने दहापटच्या आरशात बसून भुवया कोरल्या. प्रत्येक केस जागेवर नाही असं वाटत गेलं आणि शेवटी दोन्हीकडे सुतळीएवढी रेघ उरली. साखरपुडा चार दिवसांवर होता.

सावधान: अंतर्गोल आरसा ऊन एका बिंदूवर गोळा करतो. खिडकीच्या कट्ट्यावर उघडा ठेवला आणि समोर पडदा किंवा कागद असला तर आग लागू शकते. काम झालं की पालथा ठेवा, किंवा झाकून ठेवा.

## टप्पा ५: काच

इथे फार वेळ घालवू नका. दुकानात दोनच गोष्टी करा. काचेत दाराच्या चौकटीची सरळ कड बघा आणि डोकं हळू डावीकडून उजवीकडे न्या. कड कुठे वळली किंवा थरथरली तर काच सपाट नाही. मग पांढरा कागद काचेसमोर धरून कागद आणि त्याचं प्रतिबिंब शेजारी शेजारी बघा. प्रतिबिंब फार हिरवट असेल तर काचेत लोह जास्त आहे, दुसरी दाखवायला सांगा. जाडी ५ मिलिमीटर पुरे.

## टप्पा ६: भिंतीवर बसवणे

आधी वजन. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. दोन बाय तीन फुटांचा ५ मिलिमीटरचा आरसा सुमारे सात किलोचा होतो. दुहेरी टेपवर विसंबू नका.

१. भिंत कोरडी आहे का बघा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आरसा लावायचाच नाही. कोकणात आणि मुंबईत तर नाहीच नाही.

२. ड्रिल कुठे मारायचं ते ठरवताना स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ बाजूची पट्टी सोडा. भिंतीतल्या वायरी बहुधा तिथूनच जातात. मेन स्विच बंद करूनच काम करा.

३. भोक पाडून गिट्टी (स्क्रू पकडणारी खुंटी) ठोका, मग स्क्रू. खालच्या कडेला आधाराच्या दोन क्लिपा, वर पकडीच्या दोन. स्क्रू आणि काच यांच्यामध्ये रबरी किंवा प्लास्टिकचा वॉशर हवाच. स्क्रू काच हलणार नाही इतपतच आवळा. जास्त आवळला तर आज नाही, पण थंडीत कधीतरी तडा जातो.

४. काच आणि भिंत यांच्यात तीन-चार मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे मागे हवा खेळते.

५. सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल मागा. ज्याला शिरक्यासारखा आंबट वास येतो, ते आरशाच्या मागचा थर खातं. मिस्त्रीकडे बहुधा तेच असतं, नळी स्वतः उघडून वास घ्या.

दिवे लागणारा आरसा बाथरूममध्ये हवा असेल तर पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असल्याचा आयपी ४४ किंवा त्याहून वरचा दर्जा बघा, आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

तपासा: बसवून झाल्यावर नेहमीच्या खुर्चीत बसा, दोन्ही दिवे लावा, नाकाजवळ पेन्सिल उभी धरा. गालांवर दोन्हीकडे सारख्या, फिकट सावल्या दिसल्या पाहिजेत. एकच गडद सावली दिसली तर एक दिवा मंद आहे किंवा लांब आहे.

## टप्पा ७: वापरताना क्रम

फाउंडेशन, पावडर, ब्लश मोठ्या सपाट आरशात, हातभर अंतरावरून. डोळे छोट्या आरशात. मग परत मोठ्या आरशाकडे. मोठं दाखवणाऱ्या आरशात सुरुवात केली की त्वचेवरचं एकेक छिद्र झाकायच्या नादात लिंपण होतं.

आयलायनरसाठी छोटा आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि खाली बघा. वरची पापणी ताणून सपाट होते. काजळासाठी उलट, आरसा डोळ्यांपेक्षा किंचित वर.

गजरा किंवा अंबाडा बघायला मोठ्या आरशाकडे पाठ करा, हातातला आरसा तोंडासमोर धरा आणि त्यात मागच्या आरशातलं डोकं शोधा. दुसरा हात पिना खोचायला मोकळा राहतो. दोनदा परावर्तन झाल्यामुळे यात डावं-उजवं खरं दिसतं, म्हणून सुरुवातीला हात भलतीकडे जातो. दोन-तीन दिवस सरावाने बसतं.

शेवटची नजर कार्यक्रमाच्या उजेडात टाका. दुपारचा मुहूर्त असेल तर गॅलरीत जाऊन. गोरज असेल आणि हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर घरातलाही पिवळा दिवा लावून. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात चेहऱ्याची ठेवण तपासू नका, जवळून धरला की नाक मोठं दिसतं.

## टप्पा ८: पुसणे

द्रव आरशावर फवारायचा नाही, फडक्यावर. फवारलेलं खाली ओघळतं, कडेतून आत शिरतं आणि मागच्या थराला काळे डाग पडतात. आपण त्याला पारा उडाला म्हणतो; हल्लीच्या आरशात तो चांदीचा थर असतो. एकदा गेला की घासून परत येत नाही, काच बदलावी लागते. अमोनियाचे क्लीनर टाळा. ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं फडकं, आणि खालची कड सगळ्यात शेवटी कोरडी करा. हेअरस्प्रेचा चिकट थर बसला असेल तर फडक्यावर थोडं स्पिरिट घ्या.

टिकल्यांचं काय करायचं, हे मला प्रत्येक घरात विचारतात. आरशाच्या कोपऱ्यात वीसेक टिकल्यांची वसाहत असतेच. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. टिकली काढून राहिलेल्या डिंकावर खोबरेल तेलाचा थेंब, दहा मिनिटं, मग सुती फडकं आणि वर साबणाच्या पाण्याचा एक हात. आणि आरशाशेजारी भिंतीवर जुन्या सीडीचा एक तुकडा चिकटवा, नव्या टिकल्या तिथे.